माझ्या नावाचा स्ट्रायकर

एरिवेल्तो नावाच्या स्ट्रायकरने इथे ब्राझीलमध्ये, मग युक्रेनमध्ये, मग सायप्रसमध्ये मिळून दोनशे अकरा गोल केले, असं मेआरिम नदीकाठच्या आमच्या गावात कुणीही सांगेल. साफ खोटं. एरिवेल्तो मी आहे, आणि मला चेंडू धड सरळही मारता येत नाही.

गोल केले माझ्या थोरल्या भावाने, वाल्देनीरने. तो एकवीस वर्षांचा असताना साओ पाउलोच्या एका क्लबचा माणूस खेळाडू हेरत आला. त्याला सतरा-अठराची पोरं हवी होती, एकविशीतला नवखा त्याच्या काय कामाचा! आईने पत्र्याच्या डब्यातून माझा जन्मदाखला काढून थोरल्याच्या हातात ठेवला आणि त्याचा मला दिला. मी सतराचा होतो. आम्ही रानातल्या वस्तीवरून नुकतेच गावात आलो होतो, वडील वारलेले, आम्हाला ओळखणारं कुणीच नव्हतं. आमच्या देशात असं वय चोरणाऱ्या खेळाडूला 'मांजर' म्हणतात आणि त्यात कुणाला फारशी लाज वाटत नाही.

"बूट कायमचे उतरवले की सगळं परत," थोरला म्हणाला. "जजसमोर जाऊन खरं सांगेन. आईची शपथ."

पुढे कितीतरी रविवार मी बारमध्ये टीव्हीसमोर काढले. "अवघ्या एकोणिसाव्या वर्षी काय ही समज!" समालोचक ओरडायचा. तेवीस वर्षांचा बाप्या होता तो! त्याची पेनल्टी हुकली की सगळा बार माझ्या नावाने आईबहिणीवरून शिव्या घालायचा आणि मी मुकाट शेंगदाणे खायचो. युक्रेनच्या डॉक्टरला त्याचे गुडघे वयाच्या मानाने झिजलेले दिसले. "लहानपणी अनवाणी खेळलो ना," याने ठोकून दिलं. त्या गरिबीवर पेपरात अर्धं पान आलं. इकडे माझं लग्नही वाल्देनीर म्हणून झालं, आणि मुलीच्या दाखल्यावर बापाचं नाव तेच लागलं.

एकोणीस वर्षांनी, या मे महिन्यात, तो कायमचा घरी आला. त्याच्या नव्या बंगल्याच्या अंगणात मांस भाजत होतं.

"काय थोरल्या, घे की बरगडी!" मला थोरल्या म्हणणं हा त्याचा आवडता विनोद.

"दादा, बूट उतरवलेस. आता जजकडे चल."

"आत्ता? अरे, ऑक्टोबरात नगरपालिकेला उभा राहतोय मी. पोस्टरवर कुणाचं नाव लावू?"

"तुझं स्वतःचं."

"वाल्देनीरला मत कोण देणार? गावातलं कुत्रं ओळखत नाही त्याला!"

"तो वाल्देनीर म्हणजे मी, दादा. एकोणीस वर्षं."

"मग तुझी मजाच आहे की. चार वर्षं आधी पेन्शन!"

तो खदाखदा हसला. हनुवटीवरून चरबी ओघळत होती, ती त्याने जर्सीला पुसली. जर्सीच्या पाठीवर माझं नाव होतं. मला इतकी शिसारी आली की मी ताट तसंच ठेवून निघालो.

आता उरली आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिच्याशिवाय खरं सांगणारं कुणी नव्हतं, आणि ती गेली की माझं नावही तिच्याबरोबर जाणार होतं. सोमवारी मी तिला नोंदणी कचेरीत नेलं. कारकून बाईंना सगळी हकीकत सांगितली.

"आजी, तुमच्या तोंडून ऐकू दे," बाई म्हणाल्या. "हे कोण?"

आईने मांडीवरच्या पर्सचा बंद उगाच दोनदा लावला.

"हा वाल्देनीर. माझा थोरला."

"आई!"

"धाकटा फुटबॉल खेळतो," ती बाईंना म्हणाली. "टीव्हीवर पाहिला असेल तुम्ही."

म्हातारपणी विसरली असती तर मी तिला माफ केलं असतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. बाईंनी अर्ज परत सरकवला आणि एरिवेल्तोची सही मिळेल का, असं हळूच विचारलं.

"असं का केलंस?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"तुला सवय झालीय, बाळा," ती म्हणाली. "तुझ्या नावावाचून तू निभावलंस. त्याला नाही जमायचं."

मग पायरी उतरायला तिने हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा मला आईच्या हाताची किळस आली. तरीही मी तो धरला.