लाल बोट लावलेला नट

मुंजाजीचा स्वतःच्या डोक्यावर भरवसा नव्हता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. देवगाव फाट्यावर गॅरेज म्हटलं की हातात एक काम आणि रस्त्यावरून हाका चार. म्हणून त्याने एक शिस्त लावून घेतली होती. नट पुरता आवळला, तो सुटू नये म्हणून त्यात कॉटर पिन घालून वाकवली, की त्यावर लाल रंगाचं बोट टेकवायचं. लाल दिसलं की काम झालं, नाही दिसलं की बाकी. आठवत बसायची भानगडच नको.

त्या सकाळी हरिओमचा पिकअप त्याच्याकडे जॅकवर चढला होता. मेंढरांमागे फिरणारं ते घर. हरिओमचा बाप रायभान कळप घेऊन पायी पुढे निघायचा, आणि मागून भांडीकुंडी, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं आणि बायामाणसं गाडीतून जायची. काळ्या रानातून, ओढ्यातून गाडी निघावी म्हणून हरिओमने ती चांगली वीतभर उंच करून घेतली होती, आणि वर ट्रॅक्टरला शोभतील असली चाकं घातली होती. गाडी दिसायला मोठी रुबाबदार झाली. पण तो भार पुढच्या चाकांच्या हबांना झेपायचा कसा? बेअरिंग घरघरू लागले, स्टेअरिंगचे दांडे तिरके पडले आणि गाडी मालकाचं सोडून स्वतःच्या मनाने चालू लागली. उंची थोडी कमी कर, असं मुंजाजीने सांगून पाहिलं. पण हौसेपुढे कोणाचं चालतं? शेवटी त्याने जाड, मजबूत हब मागवले आणि स्टेअरिंगचे सांधे बदलायला घेतले.

डावी बाजू पुरी झाली. उजवीकडे नवा हब बसला. स्टेअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारा नट त्याने नुसता हाताने फिरवून ठेवला आणि पाना घ्यायला वळला, तोच फाट्यावर उसाची ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटून आडवी झाली. सगळी वाहनं तुंबली. लोक मुंजाजीच्या नावाने ओरडू लागले, तसा तो तिकडे धावला.

तेवढ्या वेळात हरिओमच्या आईने, बानूबाईने, हळदीकुंकवाची पुडी सोडली. गाडीला नवं लोखंड लागलं आणि ते न पुजता निघायचं, हे तिच्या घरात कधी झालं नव्हतं. चाक काढलेलंच होतं, सगळं समोर उघडं होतं. तिने हबला कुंकू लावलं, दांड्याला लावलं आणि दांड्याच्या टोकाच्या नटालाही मनोभावे बोट टेकवलं. सून बबिता तान्ह्या पोराला घेऊन शेजारी उभी राहिली. हरिओमने नारळ फोडला.

मुंजाजी परत आला तो घामाघूम होऊन. घाईत वाकून नटाएवढंच पाहिलं, नट लाल होता. सवयीने त्यावर बोट फिरवलं आणि चाक चढवलं. एरवी तो स्वतः एक चक्कर मारून बघायचा, पण ऊन चढायच्या आत कोकरं सावलीला पोचू दे, असा बानूबाईचा धोशा चालला होता. निघताना त्याने हरिओमला बजावलं की स्टेअरिंग नवं आहे, दोन्ही हात त्यावरच ठेव, फोन वाजला तरी घेऊ नको. गाडी येलदरीच्या वाटेला लागली.

मग त्याने हात धुवायला घेतले. बोटावरचा लाल रंग पाण्याने लगेच सुटला आणि पाणी गुलाबी झालं. मुंजाजी त्या पाण्याकडे बघत राहिला. नटांना लावायचा त्याचा रंग रॉकेलशिवाय निघत नसे. त्याने मागे वळून सामानाची थाळी पाहिली. तिच्यात एक कॉटर पिन पडून होती.

नट हाताने लावलेला, धक्क्याधक्क्याने सुटत जाणार. तो पडला की दांडा पडला, आणि दांडा पडला की चाक आपल्या मर्जीने वळणार. येलदरीचा उतार डोळ्यांपुढे आला, त्यामागोमाग बबिताच्या मांडीवरचं पोर आलं. त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. हरिओम आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं ऐकत होता.

पाना आणि पिन खिशात कोंबून मुंजाजीने मोटारसायकल काढली. जिंतूरपर्यंत त्याने रस्ता पाहिलाच नाही, रस्त्याच्या कडा तेवढ्या पाहिल्या. एका ठिकाणी माणसं गोळा झालेली दिसली आणि त्याने मोटारसायकल तिकडे वळवली. जवळ जाऊन बघतो तर टरबुजांची गाडी, लोक टिचक्या मारून टरबुजं निवडत होते. त्या लोकांचा त्याला भयंकर राग आला.

जिंतूर मागे पडल्यावर लांब ती उंच गाडी दिसली. मुंजाजीने हॉर्न दाबूनच धरला, हात हलवले. हरिओमने आरशात पाहिलं आणि त्याला वाटलं, मुंजाजी मामा स्वतःच्या कामाची परीक्षा बघायलाय. त्याने गाडी आणखी पळवली.

आता काय करावं? मागे लागलो तर तो जोरात पळणार, आणि थांबलो तर तो तसाच उतारावर जाणार. मुंजाजीने मोटारसायकल कडेला घेतली आणि खाली उतरून नुसता उभा राहिला. एवढ्या भीतीने तो कधी उभा राहिला नव्हता. पुढे हरिओमला आरशात कोणी दिसेना. मामा पडला की काय, म्हणून त्याने वेग कमी केला आणि गाडी परत वळवायला घेतली.

वळवायची म्हणजे स्टेअरिंग पुरतं फिरवायचं. मुंजाजी ओरडत पळत सुटला. गाडी सावकाश आडवी झाली. डावं चाक वळलं, उजवं वळलंच नाही. ते बाहेर तोंड करून उभं राहिलं, गाडीला एक हिसका बसला आणि ती रस्त्याच्या मधोमध थांबली. मागे कोकरं ओरडू लागली. पोर रडलं. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मुंजाजी पोचला तेव्हा सगळे खाली उतरून त्या चाकाकडे बघत होते. नवं सामान वाईट निघालं, असं हरिओम म्हणाला. ते तसंच राहू द्यावं, असं मुंजाजीला क्षणभर फार वाटलं. मग तो बानूबाईकडे वळला.

"मावशी, सामान चांगलं हाय. नट म्याच आवळला न्हाई. लाल दिसला, म्हणून आवळला समजलो."

बानूबाईला समजायला वेळ लागला. मग तिचा चेहरा उतरला.

"लाल तर म्या लावलं व्हतं, मुंजाजी."

"तुमी पूजा केली, त्यात काय चुकलं? पाना लावून बघायचं काम माझं व्हतं."

मुंजाजीने गाडीखाली शिरून दांडा ओढून बसवला. नट थोडा अलीकडे धुळीत सापडला, आटे शाबूत होते. तो जोर लावून आवळला, पिन घालून वाकवली, मग दोन्ही बाजू पुन्हा तपासल्या. बाहेर आला आणि तो चाकाला टेकून बसला. हरिओम चावी घेऊन पुढे झाला, पण बानूबाईने त्याच्या हातातून ती काढून घेतली.

"तू मुंजाजीची फटफटी घेऊन ये," ती म्हणाली. "गाडी त्यो चालवील. आमी सगळे त्याच्यासंगं बसतो."

मुंजाजी आत चढला. बबिता दाराशी बसली आणि बानूबाई नातवाला घेऊन त्याच्या अगदी शेजारी. येलदरीचा उतार लागला तेव्हा पोर झोपलं होतं. बानूबाईने रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. ती स्टेअरिंगवरच्या त्याच्या हातांकडे बघत होती.