धरूखांची चाल

खोक्यात चौदा वह्या होत्या, प्रत्येकी दोनशे पानी. त्यांतल्या नऊ माझ्या अक्षरात, चार पैलवानाच्या उजव्या हाताच्या आणि एक त्याच्या डाव्या हाताची. ती वाचताना डोळे फोडून घ्यावे लागतात. शिवाय तीन नकाशे, क्ष-किरण विभागाचा शिक्का असलेल्या मोठ्या पाकिटांच्या पाठीवर काढलेले. धरूखांच्या भाषेतल्या चारशे बारा शब्दांची यादी. आणि त्यांच्या सैन्यातल्या पदांचा तक्ता, शून्यापासून सदतीसपर्यंत. तक्ता सदतीसवर थांबला होता, कारण तोपर्यंत माझ्या भावाची हाडं सदतीस वेळा मोडली होती.

पैलवान हे त्याचं घरातलं नाव. जन्मला तेव्हाच दोन हाडं मोडलेली होती. हाडं ठिसूळ असण्याचा आजार आहे, उचलताना जपा, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आई म्हणाली, "घ्या, आमचा पैलवान आला," आणि रडायला लागली. रडणं थांबलं, नाव राहिलं.

तो सात वर्षांचा आणि मी दहाची असताना त्याचे दोन्ही पाय चार महिने प्लास्टरमध्ये होते. गोष्टींतल्या सगळ्या योद्ध्यांचे पाय सरळ का असतात, असं त्याने मला विचारलं. म्हणून आम्ही धरूख तयार केले. तो सांगायचा, मी लिहायचे.

धरूखांची सुरुवात अशी. एका डोंगराच्या पोटात हे लोक राहायचे. एके दिवशी डोंगर बसला. जे वाचले त्यांच्यातलं एकही माणूस अखंड नव्हतं. एका म्हातारीने लाकडाच्या फळ्यांनी सगळ्यांना बांधलं, आणि हाडं जुळली तशी जुळली, वाकडी. पुढच्या वर्षी लुटारू आले. फळ्या बांधलेले तीनशे लोक सावकाश, पण न थांबता आपल्याकडे चालत येताहेत हे पाहून लुटारूंनी पळ काढला. तेव्हापासून मोडलेलं प्रत्येक हाड म्हणजे एक पद. ज्याची सर्वांत जास्त मोडली तो राजा, आणि त्याला ढालीवर बसवून सैन्याच्या पुढे नेतात. धरूख लढताना ओरडत नाहीत, ओठ मिटून गुणगुणतात. बरगडी मोडलेल्या माणसाला ओरडता येत नाही. हस्तांदोलन करत नाहीत, दोन बोटं टेकवतात. आणि सबंध सैन्य सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालतं. मोडलेलं हाड घेऊन मूल जन्मलं तर सैन्य जिथे असेल तिथे थांबतं, आणि त्या दिवसापासून त्या मुलाच्या वेगाने निघतं.

हे सगळं सतरा वर्षं आमच्या मागच्या खोलीत होतं. खोली दहा फूट बाय नऊ. पैलवान त्यातून वर्षाकाठी सरासरी अकरा वेळा बाहेर पडायचा, त्यांतल्या नऊ वेळा दवाखान्यात.

पदार्थविज्ञान शिकून मी गेम बनवणाऱ्या कंपनीत लागले. खेळणारा माणूस नेमका कुठे कंटाळून उठतो ते मोजायचं, हे माझं काम. आमच्या प्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणायचे, कारण तो घरातही टोपी काढत नाही असं त्याच्या बायकोनेच सांगितलं होतं. नव्या गेमसाठी त्याला एक लढवय्यी जमात हवी होती. चित्रकाराने काढलेल्या सहा जमाती त्याने फेटाळल्या.

"परत सुळे?" तो चित्रकाराला म्हणाला. "अरे, दंतवैद्याचं दुकान काढायचंय का आपल्याला?"

मी म्हणाले, "माझ्या भावाकडे एक जमात आहे."

दुसऱ्या दिवशी मी खोकं नेलं. कॅप्टन दुपारभर जागचा उठला नाही. संध्याकाळी म्हणाला, "हा भाऊ इतकी वर्षं कुठे लपवून ठेवला होतास?"

पैलवानाने करारावर सही करताना मला दोनच गोष्टी सांगितल्या. "शेवटी नावं येतात त्यात माझं येऊ दे. आणि राजाला ढालीवरून उतरवू नका."

"बस? एवढंच?"

"ताई, मला काय जगभर फिरायचंय? ते फिरले म्हणजे झालं."

कंपनीने पहिला नमुना प्रामाणिकपणे बनवला. हे सांगायला हवं. गेम सुरू झाला की डोंगर बसायचा, आणि मग खेळणाऱ्याला सैन्याबरोबर सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने दरी ओलांडावी लागायची. चित्रकाराने गुणगुणण्यासाठी तीन माणसांचे आवाज मिसळले होते. चाचणीच्या खोलीत वीस पडदे होते. तीन दिवसांत साठ जण खेळून गेले. साठांपैकी तेवीस जण पहिल्या दहा मिनिटांत उठले. मी उठण्याची जागाही मोजली. तेवीसपैकी एकवीस जण दरीत, चालताना.

मी तसा अहवाल लिहिला. शेवटी कारणाचा रकाना असतो. त्यात मी 'सैन्याचा वेग' असं लिहिलं. दुसरं कारण आकड्यांत दिसत नव्हतं.

"वेग वाढवू," कॅप्टन म्हणाला.

"मग ते धरूख राहणार नाहीत. वेग म्हणजेच ते."

"तेवीस जण उठले, बाई. मी नाही मोजले, तू मोजलेस."

"पुन्हा चाचणी घेऊ या."

"घेऊ की. पण सैन्य जोरात न्यायचं असेल तर मागे कोण राहतंय त्याचा बंदोबस्त आधी करावा लागेल." त्याने टोपी मागे सारली. "बंदोबस्तच दाखवू. सुरुवातीलाच."

नवी सुरुवात तीन आठवड्यांत तयार झाली. कडा. वारा. खेळणाऱ्याच्या हातात वाकड्या हाडाचं मूल देतात. पडद्यावर एकच बटण उजळतं. ते दाबलं की मूल कड्यावरून खाली जातं आणि सैन्य जोरात निघतं. पहिल्या टप्प्यात अशी आठ मुलं होती.

मी विचारलं, "न टाकण्याचं बटण कुठे आहे?"

"दुसरं बटण दिलं की लोक विचार करत बसतात," कॅप्टन म्हणाला. "नको टाकायचं तर नुसतं उभं राहावं. कुणी अडवलंय?"

साठ जणांची दुसरी चाचणी झाली. सात उठले. मी अहवाल लिहिला. अहवाल बरोबर होता. खाली सही केली.

त्यानंतर गेम बाजारात यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत पैलवानाने मला रोज विचारलं. मी दारातून आत आले की चपला काढायच्या आधी आतून आवाज यायचा.

"कुठवर आली आमची फौज?"

"येतेय."

"फारच हळू येतेय. अस्सल धरूख दिसताहेत!" आणि तो स्वतःच्याच विनोदावर हसायचा, बरगड्यांवर हात दाबून.

आई एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, त्याला एकदा नेऊन दाखव तरी. मी गाडी बोलावते."

"तिथे पायऱ्या आहेत," मी म्हणाले. पायऱ्या होत्या. लिफ्टही होती.

गेम यायच्या आदल्या दुपारी मी त्याची प्रत घरी आणली. त्याच्या पलंगाला जोडलेल्या फळीवर पडदा बसवला, बटणांचं यंत्र त्याच्या डाव्या हाताला पोचेल असं बांधलं. मग म्हणाले, "सुरुवात थोडी बदललीय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "किती?"

"थोडी."

"ताई, तू भाजीत मीठ किती घातलं तेही ग्रॅममध्ये सांगतेस. थोडी म्हणजे किती?"

मी तारा नीट करत राहिले.

"डोंगर आहे?"

"नाही."

"गुणगुणणं?"

"आता ओरडतात."

आई चहा घेऊन आली, ठेवून गेली. मग त्याने विचारलं, "ढाल?"

"ढाल आहे. सातव्या टप्प्यात."

"वर कोण आहे?"

मला माहीत होतं. ढालीवर एक सरळ पायांचा उंच माणूस उभा होता. चित्रकाराने तो कॅप्टनच्या सांगण्यावरून तीनदा आणखी उंच केला होता.

"मला शेवटचे टप्पे बघायला मिळत नाहीत," मी म्हणाले. "खेळून बघ."

आमच्यात खोटं बोलायची पद्धत नव्हती. त्याचं हाड मोडलं की मी त्याला नेहमी खरं सांगायचे, कुठे, किती, किती आठवडे. दुसरं कुणी सांगायचं नाही म्हणून तो मलाच विचारायचा.

"बरं," तो म्हणाला. "तू उद्या कामावर गेलीस की बघतो. तू समोर असलीस की माझ्या तोंडाकडे बघत बसशील आणि मोजशील."

मी खोलीतून निघाले तेव्हा त्याने दोन बोटं पुढे केली. मी टेकवली.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला घरी आले. आतून आवाज आला नाही. पैलवान भिंतीकडे तोंड करून पडला होता, पडदा बंद होता. कंपनीतून परत आल्यापासून त्याच्या पलंगाखाली असलेलं खोकं दारापाशी आलं होतं.

"हे इथे कुणी आणलं?" मी आईला विचारलं.

"त्यानेच सांगितलं, ताईच्या खोलीत नेऊन ठेव म्हणून. मला कुठे उचलतंय?" मग तिने आवाज बारीक केला. "भांडलात का गं?"

"पैलवाना," मी दारातून म्हणाले.

"दमलोय," तो म्हणाला. "झोपू दे."

मी खोकं उचलून माझ्या खोलीत नेलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

प्रत्येक खेळाडू काय करतो याची नोंद आपोआप आमच्याकडे येते. पहिल्या आठवड्याचा अहवाल मलाच करायचा होता. त्यात एकतीस हजार आठशे सहा खेळाडू होते, आणि पैलवानाच्या प्रतीचा क्रमांक मला पाठ होता. मी शनिवारी सकाळी, कुणी आलेलं नसताना, ती नोंद उघडली. मूल हातात आल्यापासून बटण दाबेपर्यंतचा वेळ तिथे ओळीने लिहिलेला असतो.

पहिलं मूल, एक्केचाळीस मिनिटं सहा सेकंद. दुसरं, बारा मिनिटं पन्नास सेकंद. तिसरं, तीन मिनिटं एकतीस सेकंद. चौथं, अठ्ठावन्न सेकंद. पाचवं, एकोणीस सेकंद. सहावं, सात सेकंद. सातवं, चार सेकंद. आठवं, चार सेकंद.

सगळ्या खेळाडूंची सरासरी, चार सेकंद.