तीन गोळ्यांची वाटणी

दगडोबा काट्यावर उभा राहिला आणि आकडा चाळिसावर थांबला. श्रावस्तीनं त्याला उतरवलं, काटा सरळ केला, पुन्हा चढवलं. चाळीसच. दोन महिन्यांपूर्वी त्रेचाळीस भरला होता. गावची आशा सेविका म्हणून त्याच्या टीबीच्या गोळ्या तीच आणून द्यायची, रोजच्या तीन. रिकामी पाकिटंही तीच परत न्यायची, आणि त्यांत कधी एक गोळी उरलेली सापडली नव्हती.

मग माणूस वाळतोय कशानं? लोहाऱ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "एक तर तो गोळ्या खात नाही, नाहीतर गोळ्या लागू पडत नाहीत. दुसरं असेल तर अवघड आहे."

दोन दिवस श्रावस्तीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाकरी करपली, दूध उतू गेलं. "तू काय डाक्टर हायेस व्हय?" असं नागसेन, तिचा नवरा, सहज बोलून गेला, तर ती अशी वसकन अंगावर आली की बिचारा चहा न पिताच कामावर गेला.

खरं सांगायचं तर तीन वर्षांत तिनं दगडोबाच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. पहिल्यांदा गेली तेव्हा त्याच्या बायकोनं, कमलबाईनं, पाणी दिलं होतं. पण ओट्यावर, फुलपात्र लांब सरकवून. श्रावस्ती बौद्धवाड्यातली, तिला त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. तिनं ते पाणी तोंडाला लावलं नाही. तुमचं घर तुम्हाला लखलाभ, असं ठरवून टाकलं. तेव्हापासून सगळं अंगणातूनच. "घरात आणखी कुणाला खोकला?" "न्हाय बाई, देवाच्या दयेनं." की लिहिलं कागदावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणातून हाक मारली नाही. चपला काढल्या आणि तडक स्वयंपाकघरात गेली.

दगडोबा पाटावर बसला होता, समोर कमलबाई. मधल्या ताटलीत तीन गोळ्या, आणि कमलबाईच्या हातात सुपारीचा अडकित्ता. कट्‌कन तिनं तिसऱ्या गोळीचे दोन तुकडे केले. दीड त्याच्या हातावर ठेवली, दीड आपल्या. तोंडात टाकणार तोच तिला ढास लागली, पार छातीतून आलेली. खोकून खोकून बाई जमिनीला टेकली.

"काकू!"

कमलबाई दचकली. दगडोबाच ओशाळून बोलला, "तिला एकटीला खोकत कसं बसू द्यावं? आजवर घरात आलेलं आमी वाटूनच खाल्लं की."

"ही काय जिलेबी हाय, काका? अर्ध्या औषधानं रोग मरत न्हाय, निबर होतो! मग कुठलीच गोळी लागू पडायची न्हाय, ना तुमाला ना काकूंला. काकूंच्या गोळ्या म्या आणल्या नसत्या? दर आठवड्याला दारात येत व्हते की म्या!"

"दारात," कमलबाई खाली मान घालून म्हणाली.

श्रावस्तीला स्वतःचाच राग आला, आणि कमलबाईचाही तेवढाच आला.

"लेक येणार हाय गुरुवारी, दीपमाला," कमलबाई डोळे पुसत म्हणाली. "पहिलं बाळंतपण. बापाचं तिच्या सासरी, तेरच्या लोकांना ठावं हाय, त्यो शेतात निजंल म्हटल्यावर कबूल झाले. पर बाळाला न्हाऊमाखू घालणारीच आजारी म्हटल्यावर लेकीला धाडतील व्हय?"

"आन् असंच खोकत बाळाला मांडीवर घेणार व्हता?"

श्रावस्तीनं पिशवीतून झाकणाची डबी काढली. "ह्यात बेडका द्या. तपासायला दहाच्या जीपनं लोहाऱ्याला पोचवते. आधी लेकीला फोन लावा."

कमलबाई परसात जाऊन आली, डबी श्रावस्तीच्या हातात दिली. दगडोबानं फोन लावून दिला, त्यालाही ऐकायचं होतं म्हणून आवाज मोठा केला.

"दीपे, गुरुवारी यिऊ नगंस."

"का गं? काय झालं?"

"मलाबी टीबी असंल. दसऱ्यापासून खोकतेय. लपवलं म्या."

पलीकडून दबक्या आवाजात पोरगी म्हणाली, "आई, दिवाळीला राहून आले तवाधरनं मलाबी खोकला हाय. हितं कुणाला बोलले न्हाय. म्हटलं, तुझ्याकडं आल्यावर दाखवू."

दगडोबानं डोक्याला हात लावला. श्रावस्तीनं फोनसाठी हात पुढं केला. पोरीला काय सांगायचं, कुठं पाठवायचं, सगळं तिच्या ओठांवर होतं. कमलबाईनं फोन दिला नाही.

"दीपे, सासूकडं दे."

"नको गं आई, त्या..."

"दे म्हणते न्हवं."

फोनवर पावलं वाजली, कुजबूज झाली, मग एक जाडसर आवाज आला. कमलबाईनं दोन्ही हातांनी फोन घट्ट धरला.

"विहीणबाई, दीपमाला खोकतेय. माझ्याकडनं लागलंय तिला, म्या घरात लपवून ठिवलं. मला काय बोलायचं ते मागनं बोला. आदी तिला दवाखान्यात न्या."