दहा पोत्यांची होडी

कडुबा मिस्तरीच्या हाताला यश होतं, यात शंका नाही. पण यश आलं की माणसाला दुसऱ्याचं ऐकू येईनासं होतं, त्याचंही तसंच झालं. चिकलठाण्यात त्याचं वेल्डिंगचं दुकान. तिथं प्यायचं पाणी टँकरनं यायचं आणि हा गडी होड्या बनवायचा. लोक हसायचे. हसेनात का! नाथसागरात पिंजरे टाकून मासे पाळणारे त्याच्याच दारी यायचे. त्याची पत्र्याची होडी माशांच्या खाद्याची दहा पोती आणि दोन माणसं घेऊन बिनघोर पिंजऱ्यापर्यंत जायची.

कृष्णाची पहिली होडी त्याच्याच हातची. सहा वर्षांत तिचा तळ गंजला, म्हणून कृष्णा नवी सांगायला आला. "या खेपेला जन्माची करून देतो," म्हणत कडुबानं दुप्पट जाड पत्रा घेतला, आतून लोखंडी पट्ट्या मारल्या आणि कृष्णाच्या बायकोला बसायला पुढं एक लोखंडी बाकडं जोडलं. मापं जुनीच ठेवली, काठही तेवढाच उंच. पत्रा जाड म्हणजे होडी दणकट, आणि दणकट म्हणजे जास्त ओझं पेलणार. जन्मभर जिने आणि गेट बनवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

त्याची पोरगी मेघा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. कृष्णा टेम्पो घेऊन आला त्या सकाळी तिनं होडीला टेप लावला आणि तिच्या पत्र्यावरच खडूनं आकडे मांडले.

"पप्पा, ही होडी बोटभर खाली जायला चाळीस किलो लागतात. म्हणजे एका पोत्याला एक बोट. तुम्ही शंभर किलो लोखंड जास्तीचं घातलंय. ती रिकामीच अडीच बोटं जास्त बुडणार. दहा पोती घातली तर काठ पाण्याच्या वर दीड बोट राहतो. जुनीचा चार बोटं राहायचा."

"बरं मग?"

"त्यांना सातच पोती सांगा."

कृष्णा तिकडं टेम्पोपाशी दोर सोडत होता. शेजारच्या दुकानांतली चार माणसं हात लावायला आली होती. त्यांच्यादेखत पोरगी चूक काढते म्हटल्यावर कडुबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"चार बुकं शिकली तर बापाला शिकवायला निघाली व्हय? जाड पत्रा कमी ओझं उचलतो, हे लई नवीन ऐकलं."

"पत्रा नाय उचलत, पप्पा. पाणी उचलतं. होडी जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढंच वजन पाणी तोलतं."

माणसं हसली. कडुबानं ओल्या फडक्यानं आकडे पुसून टाकले आणि कृष्णाला हाक मारून सांगितलं, "दहा पोती बिनधास्त घाल. अकरावं घातलं तरी काय होत नाय." जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. ते अकरावं पोतं कुणी विचारलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी कृष्णा दहा पोती घालून निघाला. पुढं बाकड्यावर त्याची बायको मुक्ताबाई बसली होती. वारं काही फार नव्हतं, पण दीड बोट काठाला फार वारं लागतही नाही. दोन लाटा आत आल्या आणि होडी तिसरीची वाट न बघता खाली गेली. कृष्णा पोहत किनाऱ्याला लागला. मुक्ताबाई दुसऱ्या दिवशी सापडली.

तिसऱ्या दिवशी कडुबा भेटायला गेला. कृष्णा भिंतीला टेकून बसला होता आणि येईल त्याला एकच सांगत होता, "मीच तिला पुढं बसवलं. पुढं भार झाला." कडुबाला बघून तो म्हणाला, "मिस्तरी, तुमच्या होडीला दोष नाय." कडुबाच्या ओठांवर आलं होतं, अगदी ओठांवर. पण तो त्याच्या शेजारी बसला, कुणीतरी हातात दिलेला चहा प्याला आणि उठून आला.

घरी मेघानं एवढंच विचारलं, "सांगितलं?"

"दुःखाच्या घरी कुठं सांगायचं?"

तिनं पुन्हा विचारलं नाही. दुकानात मात्र पाय ठेवायचा बंद केला.

मग आज जाऊ, उद्या जाऊ करत महिने गेले. कडुबानं होड्या बनवणं सोडलं होतं, पण त्यानं कुणाचं काय भलं होणार? एक दिवस कानावर आलं, की मुक्ताबाईच्या आईनं, चतुराबाईनं, कृष्णाची दोन्ही लहान लेकरं चार महिन्यांमागंच वैजापूरला नेली. ज्याला बायको सांभाळता आली नाही तो लेकरं काय सांभाळणार, असं म्हणाली म्हणे. मग मात्र कडुबाला अन्न गोड लागेना. तो पहिली एसटी पकडून निघाला.

कृष्णा ओट्यावर एकटाच बसला होता. कडुबा उभ्या उभ्याच बोलला, कारण बसला असता तर पुन्हा गिळलं असतं.

"कृष्णा, तू कुठं बसवलं त्यानं काय झालं नाय. त्या होडीत सातच पोती घालायची होती. पोरीनं मला हिशेब करून दाखवला होता. मी तो पुसला आणि तुला दहा सांगितली. चूक माझी हाय."

कृष्णानं त्याच्याकडं बघितलं. ओरडेल, अंगावर येईल, असं कडुबाला वाटलं. आला असता तर बरंच झालं असतं.

"तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारीच बसला होता ना, मिस्तरी?"

"व्हय."

"तेव्हा हे ठाऊक होतं?"

"व्हय."

कृष्णानं मान खाली घातली. "लेकरं न्यायला आले तेव्हा मी अडवलंच नाय. म्हटलं, बरोबर हाय त्यांचं," तो म्हणाला. "परवा वैजापूरला जाऊन आलो. धाकटी आता मला ओळखत नाय."