तळाशी झोपलेला संत

ला हाग्वा गावाचं कोंबड्यांच्या झुंजीचं मैदान झुंज नसताना एवढं कधी भरलं नव्हतं. मधोमध फिओर्दालिसा उभी होती आणि दोन्ही हातांची बोटं उघडमीट करून दाखवत होती. वर्षभर या बोटांना केसांतला रोलर धरवत नव्हता. आता गावातल्या बायका पुन्हा तिच्याकडे केस सेट करायला येत होत्या.

"डॉक्टरांनी हिला काय दिलं? टोपी!" पेटीवर चढून काढा विकणारा एलिहियोबाबा सांगत होता. "म्हणे उन्हात जाऊ नकोस. अरे, देवाच्या उन्हाला भिणारं ते औषध कसलं? माझा काढा घ्या. फक्त बाटली चांगली हलवा. त्यात आजाऱ्यांचा वाली संत लाझारो आहे. म्हातारा झालाय, तळाशी झोपतो. उठवल्याशिवाय कामाला लागत नाही."

लोक हसले. फिओर्दालिसाची आई तोमासिनाही हसली आणि मनगटानं डोळे पुसू लागली.

"गाल बघा पोरीचे," शेजारची चेआ म्हणाली. चेआ स्वतःच्या गुडघ्यांसाठी तोच काढा घेत होती. "पूर्ण चंद्र उगवलाय."

ते गाल नर्स नेरेइदानं पाहिले तेव्हा तिला आनंद झाला नाही. फिओर्दालिसाला लुपस होता, म्हणजे शरीराचे राखणदारच घरच्यांवर उठले होते. नेरेइदानंच तिला सकाळी कोमट पाण्यात हात बुडवायला शिकवलं होतं, उन्हानं दुखणं वाढतं म्हणून मोठ्या काठाची टोपी आणून दिली होती. टोपी आता खिळ्याला लटकली होती. दवाखान्याच्या गोळ्याही बंद होत्या.

नेरेइदानं तिची जाड झालेली मान पाहिली, दंडावरचे निळे डाग पाहिले. "हे गाल जेवणानं आलेले नाहीत, तोमासिनाबाई. मला ती बाटली तपासायला द्या."

"बाटली परक्या हातात गेली की संत रुसतो."

"मग निदान एवढं ऐका. मला वाटतं त्यात स्टेरॉइड आहे. ते एकदम बंद करू नका. आम्ही थोडं थोडं कमी करून सोडवू."

"आधी म्हणता घेऊ नका, आता म्हणता सोडू नका," तोमासिना म्हणाली. "तुमचं तुम्हाला तरी कळतंय का, बाई?"

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा लागला. घरोघरी राजम्याची गोड खीर शिजली, वाटे इकडून तिकडे गेले. गुड फ्रायडेला ला हाग्वात कुणी खिळा ठोकत नाही, नदीत उतरत नाही. उतरला तर त्याचा मासा होतो. एलिहियोबाबानं त्यात आपलीही एक भर घातली होती. प्रभू थडग्यात असताना संतही झोपतो, म्हणून गुरुवारच्या संध्याकाळपासून रविवारी चर्चची घंटा वाजेपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही. "दुखणी उसळतील," तो सांगे. "उसळू द्या. रविवारी कळेल ताकद कुणाची." गेल्या वर्षी तसंच झालं होतं. शनिवारी कण्हणारे लोक रविवारी काढा पिऊन उठले होते. याहून मोठा पुरावा गावाला नको होता.

शुक्रवारी फिओर्दालिसाला खाटेवरून उठवेना. शनिवारी उलट्या सुरू झाल्या, अंग गार घामानं भिजलं.

"आई, एकच चमचा दे."

बाटली देव्हाऱ्यात हाताच्या अंतरावर होती. तोमासिनानं लेकीचं कपाळ पुसलं. "उद्या घंटा वाजली की देते हं, बाळा. एवढी रात्र काढ."

शेवटी चेआच नेरेइदाला घेऊन आली. नेरेइदानं सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. फिओर्दालिसानं डोळे उघडले, पाणी मागितलं, आईला म्हणाली, "आता बरं वाटतंय." पण उशीर फार झाला होता. जिल्ह्याच्या इस्पितळाच्या वाटेवर जीपमध्येच तिचा हात आईच्या हातात सैल पडला.

घरी परतल्यावर तोमासिनाची नजर देव्हाऱ्याकडे गेली. गुरुवारपासून बाटली कुणी हलवली नव्हती. वर तपकिरी पाणी होतं आणि तळाशी पांढरा थर.

रविवारी सकाळी बाटल्या घेऊन घंटेची वाट बघणाऱ्यांची मैदानात गर्दी होती. तोमासिना बाटली दोन्ही हातांत धरून, जराही न हिंदकळवता चालत आली. मागून नेरेइदा.

"पोरीचा विश्वास कमी पडला," बाबा हळहळला.

"तिचा विश्वास इथं आहे, बघा," तोमासिनानं बाटली वर धरली. "तुम्ही सांगितलंत म्हणून गुरुवारपासून आम्ही याला उठवलं नाही."

नेरेइदानं वरचं पाणी अलगद ओतून दिलं आणि तळाचा गाळ कॉफी गाळायच्या कापडावर काढला. पिठासारखा पांढरा लगदा राहिला. "हा तुमचा संत. माझ्या मते स्टेरॉइडच्या गोळ्यांचं पीठ, अंदाजानं ओतलेलं. प्रयोगशाळेत पाठवतेच आहे. काल मी तेच रसायन टोचलं आणि फिओर घटकाभर शुद्धीवर आली. शरीर हे स्वतः बनवत असतं. बाहेरून रोज मिळालं की बनवायचं सोडतं. मग एकदम तोडलं की शरीराकडे काहीच उरत नाही. गेल्या ईस्टरलाही तुम्ही आजारी पडलात आणि रविवारी उठलात, ते यामुळे."

एलिहियोबाबा पेटीवरून उतरला. चेआनं आपली बाटली दगडावर आपटायला उचलली.

"चेआ, थांब," तोमासिना म्हणाली. तिनं चेआचा हात धरला, बाटली सोडवून घेतली आणि स्वतः नीट हलवली. मग चमचा भरला. "हा आज घे. राग उद्या कर. आणि इथून सरळ या बाईंबरोबर दवाखान्यात जा, त्या हळूहळू सोडवतील."

"हेच विष?"

"हेच. मी काल दिलं नाही."

चेआनं तोंड उघडलं. चर्चमध्ये घंटा वाजायला लागली होती. तोमासिना लोकांकडे वळून म्हणाली, "कुणीही काही पाजलं तर आत काय आहे ते विचारा. बाबाला विचारा, डॉक्टरला विचारा. मी विचारलं नाही."

आणि ती पुढच्या माणसाची बाटली हलवू लागली.