त्याचे तीन

नर्सने त्याच्या पायावरची चादर उचलली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली. डावा पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या अंगाला पडलं होतं. ते पाहून त्याची बायको पलंगाजवळ सरकली. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय. असे पेशंट वॉर्ड डोक्यावर घेतात, यांनी अख्खी रात्र घरी काढली कशी?

कशी म्हणजे, तिच्यामुळेच. काल शिडीवरून पडल्यावर तो भिंत धरत पलंगापर्यंत गेला, तेव्हा तिने सवयीने विचारलं होतं, शून्य ते दहा, किती दुखतंय? तो म्हणाला, तीन. तिनाला कुणी रजा देत नाही, अशी त्याची चेष्टा करून तिने गोळी दिली आणि सकाळी कामावर निघून आली. मागोमाग शेजाऱ्यांनी त्याला उचलून इथे आणलं.

काम याच इस्पितळात. ती इथली संख्याशास्त्रज्ञ. शेकडो रुग्णांच्या अशा आकड्यांची सरासरी काढून तिनेच नियम बसवला होता: चारच्या खाली गोळी, सातच्या वर इंजेक्शन. हे आकडे फक्त कमी-जास्त सांगतात, एकाचे तीन ते दुसऱ्याचे तीन नव्हेत, त्यांची सरासरी कसली काढता, असं एक सहकारी म्हणाला होता. तिने त्याला उडवून लावलं होतं. आणि दया येऊन एका म्हाताऱ्याचा आकडा वाढवणाऱ्या याच नर्सची तिने सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली होती. रुग्ण सांगेल तोच आकडा. त्याला हात लावायचा नाही.

ती त्याच्या उशाशी वाकली.

"तीन कसं म्हणालास तू?"

"तूच शिकवलंस ना. आजवरचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे दहा. ते मनात धरायचं आणि मग सांगायचं."

"मग?"

"बबडी गेली तो दिवस धरला मी." तो छताकडे बघत होता. "त्याच्यापुढे हे तीनच आहे गं."

तिने पलंगाची कड घट्ट धरली. लेकीला नेलं त्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आलेल्यांना पाणी विचारत तो घरभर हिंडला होता. बापाचं काळीज दगडाचं, असं लोक म्हणाले होते. लोकच कशाला, तीही मनात तेच म्हणत आली होती. आणि तिच्या त्या शेकडो माणसांनी दहाच्या जागी काय काय धरलं होतं, हे तिने एकालाही विचारलं नव्हतं.

नर्सने तक्ता पुढे ओढला. नियमाप्रमाणे तिला विचारणं भागच होतं.

"काका, शून्य ते दहा, किती दुखतंय?"

"तीन," तो म्हणाला. त्याचा खालचा ओठ दातांनी फुटला होता.

"नऊ लिहा," बायको म्हणाली.

नर्सचं पेन थांबलं.

"मॅडम, ते तीन म्हणाले."

"ऐकलं मी. नऊ लिहा."