हात सोडून जिंकलेली शर्यत

"विश्वास ठेवू नका. ठेवणारच नाही तुम्ही!" क्लॅरी डगननं बिअरचा ग्लास टेबलावर आपटला. "पण 'हँड्स डाउन' जिंकणं, म्हणजे लगामावरचे हात खाली सोडून आरामात जिंकणं, असं सगळं जग म्हणतं ना, ते माझ्यामुळं."

पत्र्याच्या शेडमध्ये बसलेली रेस कमिटी हसली.

"अरे, तुझ्या आजोबांच्या आधीपासून म्हणतात ते," अध्यक्ष बेरिल म्हणाली.

"मग आजोबांनी माझ्याकडूनच ऐकलं असणार."

वीराबिला गावच्या घोड्यांच्या शर्यतीच्या चषकाला आज कुणाचं तरी नाव द्यायचं होतं. एक नाव क्लॅरीचं, दुसरं वारलेल्या लेस टिपेटचं. दोघांनी तरुणपणी याच धुळीत घोडे पळवले. एका शर्यतीनंतर क्लॅरीला शहरातल्या तबेल्यानं जॉकी म्हणून उचललं. लेसला कुणी पुन्हा घोडाच दिला नाही.

लेसची बायको नोरीन मागच्या फळीवर सँडविचच्या कडा कापत होती. सुरी पावातून थेट लाकडात जात होती. दर मोसमात तिनं क्लॅरीकडून त्या शर्यतीची गोष्ट ऐकली होती, आणि दर मोसमात क्लॅरीची घोडी जरा जास्तच वेगानं पळायची.

"शेवटचं वळण!" क्लॅरी गुडघे वाकवून उभा राहिला. "घोडी अशी सुटली, की मागच्यांना माझी धूळसुद्धा उशिरा पोचली. चाबूक खिशात. लगाम ढिला सोडला, हात खाली टाकले, टोपी काढून बायकांना सलाम केला."

"शिंकलासही असशील," कुणीतरी म्हणालं.

"दोनदा! तरी पाच घोड्यांच्या अंतरानं जिंकलो. लेस बिचारा कुठंतरी मागं. माणूस गुणी हो, पण जिंकायची धमकच नव्हती त्याच्यात."

सुरी थांबली.

"चला, मत घेऊ या," बेरिल म्हणाली. "क्लॅरीच्या नावाला कोण कोण?"

माना डोलू लागल्या.

"थांब, बेरिल." नोरीन पुढं आली. सुरी खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. "क्लॅरी, शर्यत संपते त्या खांबापाशी पंच कोण होतं? तुझे मर्विनमामाच ना?"

"होते. देवमाणूस!"

"तेव्हा फोटोबिटो नव्हता. मामा म्हणतील तो जिंकला."

"बरोबर. पण त्याचं काय आत्ता?"

"मी कठड्यापाशी उभी होते, चहाची किटली घेऊन. तू हात सोडलेस ते खांबाच्या आधी. लेस तुझ्या बाजूनं निघून गेला."

"वय झालं गं तुझं, नोरीन. कुणाकुणाच्या शर्यती एकात एक..."

"किटली गार झाली तरी निकाल लागेना. मामा एकदा तुझं तोंड बघायचे, एकदा लेसचं."

क्लॅरीनं ग्लास ओठाला लावला. तो रिकामा होता.

"पाच घोड्यांचं अंतर होतं, तर मामांना ठरवायला एवढा वेळ कशाला लागला रे, खोटारड्या?"